आंधळी कोशिंबीर आणि देवदत्त

1957 सालच्या जानेवारीतली रविवारची रात्र. न्यूयॉर्कमध्ये सीबीएसच्या स्टुडिओत चार प्रतिष्ठित माणसं डोळ्यांवर पट्ट्या बांधून एका लांब टेबलामागे बसली आहेत. पुरुषांच्या अंगात डिनर जॅकेट, बायकांच्या अंगात मेजवानीला घालायचे झगे. पाहुणा येतो, फळ्यावर खडूने भलीमोठी सही ठोकतो आणि टोकदार मिशा मिरवत खुर्चीत बसतो. प्रेक्षकांच्या टाळ्या थांबत नाहीत. पट्टीवाले विचारू लागतात. तुम्ही लोकांसमोर कला सादर करता का? हो. लेखन करता? हो. खेळांशी काही संबंध? हो. सूत्रसंचालकाला दर वेळी मध्ये पडून त्या 'हो'ला मुरड घालावी लागते. हा माणूस करत नाही असं काही आहे की नाही, असं अखेर पॅनेललाच वाटू लागतं. पाहुणा होता साल्वादोर दाली.

गंमत अशी, की हा खेळ 'नाही'वर चालणारा. समोरचा माणूस काय नाही हे एकेक करून कळत जातं आणि उरेल तो पाहुणा. उपनिषदातल्या 'नेति नेति'ची ही करमणुकीच्या दुकानातली धाकटी बहीण म्हणायची. दालीने जवळजवळ प्रत्येक प्रश्नाला होकार दिला आणि सगळी यंत्रणाच अडली. जो सगळंच आहे, तो कोण हे कसं सांगणार?

कार्यक्रमाचं नाव 'व्हॉट्स माय लाइन?' म्हणजे माझा धंदा कोणता. मार्क गुडसन आणि बिल टॉडमन या जोडीची ही निर्मिती 2 फेब्रुवारी 1950 रोजी सुरू झाली आणि 3 सप्टेंबर 1967 रोजी थांबली. मध्ये 876 भाग झाले. रीत साधी. एखादा अनोळखी माणूस यायचा, त्याचा व्यवसाय घरच्या प्रेक्षकांना पडद्यावर अक्षरांत दिसायचा, पॅनेलला मात्र होय-नाहीच्या प्रश्नांतून तो शोधावा लागायचा. प्रत्येक 'नाही'ला पाहुण्याला पाच डॉलर. दहा 'नाही' झाले की खेळ संपला, पन्नास डॉलर घेऊन माणूस घरी. शेवटी एक प्रसिद्ध व्यक्ती यायची आणि तेवढ्यापुरत्या डोळ्यांवर पट्ट्या चढायच्या.

महाराष्ट्रात भोंडला खेळलेल्या कुणालाही हे समजावून सांगायला नको. हत्तीभोवतीचा फेर संपला, की झाकलेला डबा पुढे येतो आणि पोरी खिरापत ओळखायला बसतात. गोड की तिखट? तळलेलं की भाजलेलं? डबा हलवून आवाज ऐकायचा हट्टही असतोच. 18 जानेवारी 1953 रोजी स्टीव्ह ॲलन या पॅनेलकऱ्याने एका पाहुण्याला विचारलं, की तुमच्या धंद्यातली ती वस्तू पाव ठेवायच्या डब्यापेक्षा मोठी आहे का. हा प्रश्न अमेरिकेत घरोघरी म्हणीसारखा रूढ झाला. डबा इकडचा काय, तिकडचा काय, झाकलेलं ओळखण्यातलं सुख एकाच जातीचं.

टेबलामागची माणसं मात्र खिरापत ओळखणाऱ्या पोरींइतकी साधी नव्हती. बेनेट सर्फ हा रँडम हाउस या प्रकाशनसंस्थेचा सहसंस्थापक. जेम्स जॉइसच्या 'युलिसिस'वरची अमेरिकेतली बंदी उठवण्यासाठी न्यायालयात गेलेला आणि 1933 साली जिंकलेला हा माणूस रविवारी रात्री शाब्दिक कोट्या करत बसायचा. अर्लीन फ्रान्सिस अभिनेत्री, हसरी आणि चतुर. डोरोथी किलगॅलन वृत्तपत्रातली स्तंभलेखिका, जिंकायला बसलेली. सूत्रसंचालक जॉन चार्ल्स डेली तर अस्सल बातमीदार. 1941 साली पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याची बातमी सीबीएस रेडिओवरून त्याच्याच आवाजात देशाने ऐकली होती. पुढे एबीसीच्या वृत्तविभागाचा उपाध्यक्ष असतानाही तो दर रविवारी सीबीएसवर हा खेळ चालवायचा. एका घरचा कारभारी आणि शेजारच्या घरी पाहुण्यांची सरबराई, असा प्रकार.

आज या भागांची आठवण काढणारे जगभर सापडतात. पाहायला भाग उरले, हाही नशिबाचाच भाग. कार्यक्रम थेट प्रसारित व्हायचा. पडद्यासमोर कॅमेरा लावून त्याची फिल्म काढत, आणि सुरुवातीची दोन वर्षं अशा बहुतेक फिल्म नष्ट झाल्या. हे कळल्यावर गुडसन आणि टॉडमन यांनी प्रत्येक भागाची फिल्म स्वतःच्या खर्चाने करून घ्यायचं ठरवलं. पुढे 1994 साली सुरू झालेल्या गेम शो नेटवर्कने हे कृष्णधवल भाग रात्री-अपरात्री दाखवले आणि नंतर ते इंटरनेटवर आले. 'काय माणसं होती, काय अदब होती' म्हणून हळहळणाऱ्यांतले पुष्कळ जण 1967 नंतर जन्मलेले आहेत. अमेरिकेतल्या मराठी माणसाचंही तेच. तिथला स्थलांतराचा नवा कायदा ऑक्टोबर 1965 मधला. त्यानंतरच्या लाटेत न्यू जर्सीला पोहोचून, घर लावून, टीव्ही घेईपर्यंत हा खेळ जवळजवळ आटोपला होता. तरी निवृत्तीनंतर रात्री हे जुने भाग लावून 'ते दिवसच वेगळे' म्हणणारे आजोबा तिथे भेटू शकतात. ते दिवस त्यांनी काढले होते वाईत नाहीतर गिरगावात.

इथे तत्त्वज्ञानाला पहिली अडचण येते. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त स्मृतीची व्याख्या अगदी काटेकोर आहे. आधी अनुभव हवा, त्याचा मनावर संस्कार हवा, आणि केवळ त्या संस्कारातून उपजलेलं ज्ञान ते स्मरण. अनुभवच नसेल तर स्मरण कसलं? नैयायिकाच्या कचेरीत न्यू जर्सीच्या आजोबांचा अर्ज पहिल्याच खिडकीवर परत येईल. पण हुरहुर तर खरी आहे. मग ती कशाची?

मराठीने या भावनेला 'स्मरणरंजन' असा शब्द केला आणि नकळत तिचं दुखणं काढून टाकलं. 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द घडवला योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने, 1688 साली बासेल इथे लिहिलेल्या प्रबंधात. घरी परतणं आणि वेदना या अर्थांचे दोन ग्रीक शब्द त्याने जोडले. त्याच्या लेखी हा आजारच होता, घरापासून दूर असलेल्या स्विस लोकांना जडणारा, आणि त्यावरचा खात्रीचा उपाय म्हणजे माणसाला गावी धाडणं. शंभरेक वर्षांनी, 1798 साली, इमान्युएल कांटने यातली खोच दाखवली. गावी परतलेल्यांची निराशा होते, गाव बदललं असं त्यांना वाटतं, खरं तर त्यांना हवं असतं ते तिथे घालवलेलं तारुण्य, आणि ते काही गावात ठेवलेलं नसतं. कांटचं म्हणणं पटतं, पण अर्धंच. ज्याचं तारुण्य त्या स्टुडिओच्या आसपासही गेलं नाही, त्याच्या हुरहुरीला हे उत्तर पुरत नाही.

इथे देवदत्ताला बोलवावं लागतं.

भारतीय दर्शनांतला हा सर्वांत कष्टाळू माणूस. व्याकरणात तो भात शिजवतो, मीमांसेत तो घरात नसतो, आणि वेदान्तात तो पुष्कळ वर्षांनी रस्त्यात भेटतो. पाहणारा म्हणतो, 'तोच हा देवदत्त.' सदानंदाच्या 'वेदान्तसारा'त या वाक्याची चिरफाड आहे. 'तो' म्हणजे तेव्हाचा, त्या गावातला. 'हा' म्हणजे आत्ताचा, इथला. तेव्हा आणि आत्ता एक होऊच शकत नाहीत. मग वाक्य खरं कसं? तर दोन्ही बाजूंचं विसंगत तेवढं टाकून द्यायचं, तेव्हाचं तेव्हापण आणि आत्ताचं आत्तापण. उरतो तो देवदत्त. ओळख पटते ती काळ सोडल्यामुळे. वेदान्त्याला हा दाखला जीव आणि ब्रह्म यांच्या ऐक्यासाठी हवा होता, पण तो रविवारच्या त्या टेबलालाही चपखल बसतो.

स्मरणरंजनात हीच क्रिया उलटी होते. तिथे देवदत्त टाकून दिला जातो आणि 'तेव्हापण' तेवढं जपून ठेवलं जातं. पडद्यावरची अभिनेत्री कोण, तिचं पुढे काय झालं, हे आजच्या प्रेक्षकाला पुष्कळदा ठाऊकही नसतं. त्याला हवा असतो तो काळा-पांढरा उजेड, सिगारेटच्या कंपन्यांचा जमाना, 'मिस फ्रान्सिस', 'मिस्टर सर्फ' अशी संबोधनं. म्हणूनच या हुरहुरीला अनुभवाची गरज भासत नाही. ओळख पटवायला देवदत्त आधी भेटलेला असावा लागतो. 'तेव्हापण' मात्र कुणालाही परस्पर उचलता येतं.

बौद्ध क्षणिकवादी म्हणेल, की देवदत्त तरी कुठे तोच आहे? दिव्याची ज्योत एकच वाटते, पण क्षणोक्षणी नवी असते. तुम्ही साम्याला ऐक्य समजता आहात. ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात शंकराचार्यांनी यावर विचारलं आहे, की काल पाहणारा आणि आज आठवणारा जर एकच नसेल, तर या दोन गोष्टी सारख्या आहेत असं म्हणणारा कोण? दोन्ही बाजू वजनदार आहेत. टीव्हीचे जुने भाग पाहताना बौद्धांचं पारडं जरा जड वाटतं, एवढं मात्र कबूल करायला हवं.

पट्टीकडे परत यायचं तर त्या पट्टीतली एक खुबी सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. ती फक्त प्रसिद्ध माणसासाठी बांधली जायची. सामान्य पाहुण्याकडे पॅनेलने खुशाल डोळे फाडून पाहावं, सुरुवातीच्या काळात तर त्याचे हातही न्याहाळावेत, काही फरक पडत नव्हता. त्याचा चेहरा काहीच सांगत नसे. 1963 साली पांढऱ्या दाढीचे कर्नल सँडर्स आले तेव्हा कुणी पट्टी बांधली नव्हती. तळलेल्या कोंबडीचा हा राजा अजून रस्तोरस्तीच्या पाट्यांवर तितका झळकत नव्हता. 1973 साली, कार्यक्रमाच्या पुढच्या अवतारात, जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर उघड्या डोळ्यांच्या पॅनेलसमोर बसले आणि चेहऱ्यावरून कुणालाही ओळखू आले नाहीत. तीन वर्षांनी जिमी कार्टर राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले.

दहाव्या शतकातल्या काश्मीरमध्ये उत्पलदेवाने नेमका हाच प्रसंग मांडला आहे. त्याच्या 'ईश्वरप्रत्यभिज्ञाकारिके'च्या शेवटी एक स्त्री येते. ज्याचे गुण ऐकून ती झुरते आहे, तो पुरुष तिच्या समोर उभा आहे, पण तोच हा हे तिला कळलेलं नाही. तो इतर कुठल्याही माणसासारखाच वाटतो आणि भेटीचा आनंद होत नाही. कुणीतरी 'तोच हा' म्हणून दाखवलं की सारं बदलतं. समोरचा माणूस तसूभरही बदललेला नसतो. प्रत्यभिज्ञा दर्शनासाठी ईश्वर हा असा समोर बसलेला पाहुणा आहे. पट्टी सोडल्यावर सर्फ आणि किलगॅलन यांच्या चेहऱ्यांवर उमटणारा आनंद पाहताना उत्पलदेव आठवणं हा काही ओढूनताणून आणलेला संबंध नव्हे.

एक विचार मात्र मराठी वाचकाच्या मनात आल्यावाचून राहणार नाही. हा खेळ आपल्याकडे चालला असता का? फळ्यावर सही करायची म्हणजे आडनाव लिहायचं. सुतार, लोहार, कुंभार, जोशी, कुलकर्णी. पॅनेलला विचारायला उरलं काय? त्यातला सुतार बँकेत अधिकारी असेल आणि जोशी ट्रक चालवत असेल, पण पहिला तर्क आडनावावरूनच धावेल, आणि तो धावताना खेळकर राहील याची हमी देता येत नाही. जातिव्यवस्था ही नुसती श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, असं बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 साली 'जातिनिर्मूलना'च्या छापील भाषणात मांडलं होतं. 'तुझा धंदा कोणता' हा प्रश्न खेळ व्हायला आधी धंदा कपाळावरून पुसला जायला हवा. अमेरिकेतही तो पुरता पुसला नव्हता. प्रेक्षकांना सर्वांत जास्त हसू यायचं ते नाजूक दिसणारी बाई भलताच राकट धंदा करते तेव्हा. पूर्वग्रह होता म्हणून तर विनोद होत होता.

याच निर्मात्यांचा दुसरा खेळ, 1956 सालचा 'टू टेल द ट्रूथ', अधिक खोल पाण्यात शिरतो. तिथे तीन माणसं येऊन एकच नाव सांगत. दोघं तोतये, त्यांना खोटं बोलायची मुभा. तिसऱ्याने शपथेवर खरंच बोलायचं. पॅनेलने प्रश्न विचारून कौल द्यायचा आणि मग तो प्रसिद्ध क्षण यायचा, खऱ्याने उभं राहायचा. आधी एक जण उठल्यासारखं करायचा, दुसरा खुर्ची सरकवायचा. सदाशिवरावभाऊंच्या तोतयाने पेशवाई हलवली होती. इथे दर आठवड्याला दोन तोतये चहापाण्याच्या पैशांत मिळत.

1977 साली या खेळात फ्रँक ॲबग्नेल आला. आपण वैमानिक, डॉक्टर, वकील म्हणून वावरलो आणि जगाला फसवलं, असं त्याचं निवेदन वाचून दाखवलं गेलं. 'खरा' म्हणून तो उभा राहिला. पुढे पुस्तक आलं, 2002 साली स्पीलबर्गचा चित्रपट आला, आणि त्याची सुरुवातही याच खेळाच्या दृश्याने होते. पण 1978 सालीच काही अमेरिकी वार्ताहरांनी या कहाणीची छाननी केली होती आणि तिला आधार सापडेना. 2020 साली ॲलन लोगन यांच्या पुस्तकाने कागदपत्रं मांडून दाखवलं, की ज्या काळात हा माणूस विमानांतून हिंडत होता म्हणे, त्यातला बराच काळ तो न्यूयॉर्क राज्यातल्या तुरुंगात होता. म्हणजे त्या रात्री दोन तोतये खरेखुरे तोतये होते आणि शपथेवर उभा राहिलेला माणूस तोतयेगिरीचाच तोतया. पॅनेलने बरोबर ओळखलं असतं तरी ते काय ओळखलं म्हणायचं?

पैशाचा मुद्दा दोन वाक्यांत आटोपता येईल. मोठ्या बक्षिसांच्या प्रश्नमंजूषांत आधीच उत्तरं पुरवली जात होती, हे चार्ल्स व्हॅन डोरेनने 2 नोव्हेंबर 1959 रोजी काँग्रेसच्या समितीपुढे कबूल केलं आणि ते कार्यक्रम कोसळले. पन्नास डॉलरसाठी कोण कशाला लबाडी करील, म्हणून पॅनेलचे खेळ तगले.

तिसरा खेळ, 'आयव्ह गॉट अ सीक्रेट'. 8 फेब्रुवारी 1956 च्या रात्री गॅरी मूर या सूत्रसंचालकाने 95 वर्षांच्या एका वृद्धाला हाताला धरून आणलं. सॅम्युअल सेमूर त्याचं नाव. न्यूयॉर्कला आल्यावर हॉटेलात पडल्याने त्याच्या डोळ्यावर सूज होती. त्याचं गुपित असं, की 14 एप्रिल 1865 रोजी, पाच वर्षांचा असताना, अब्राहम लिंकनची हत्या झाली त्या फोर्ड नाट्यगृहात तो होता. गोळी कुणाला लागली हे त्या पोराला कळलंच नव्हतं. सज्जातून खाली पडलेल्या माणसाला किती लागलं असेल, याचीच त्याला काळजी. तो पडलेला माणूस म्हणजे मारेकरी जॉन विल्क्स बूथ. पॅनेलने गुपित ओळखलं, तरी म्हाताऱ्याला पूर्ण 80 डॉलर मिळाले. पुरस्कर्ते सिगारेटवाले, पण सेमूर चिलीमवाला, म्हणून त्याला पाइपच्या तंबाखूचा डबा दिला गेला. दोनच महिन्यांनी, 12 एप्रिलला, तो वारला.

ही फिल्म पाहताना 'तेव्हापण' कुठलं म्हणायचं? 1956 चं की 1865 चं? बघणाऱ्याला तंबाखूचा डबा दिसतो, सुजलेला डोळा दिसतो, आणि त्या डोळ्यामागे नाट्यगृहातला कल्लोळ. स्मरणरंजनाला इथे बसायला जागाच उरत नाही, कारण समोर देवदत्त आहे, म्हातारा, थकलेला, नेमका.

किलगॅलनच्या बाबतीतही तसंच होतं. 7 नोव्हेंबर 1965 च्या रविवारी ती नेहमीसारखी टेबलाशी होती. दुसऱ्या दिवशी मॅनहॅटनमधल्या राहत्या घरी ती मृत सापडली. मद्य आणि झोपेच्या औषधांचा एकत्रित परिणाम, परिस्थिती अनिश्चित, असं वैद्यकीय तपासनीसाने नोंदवलं. केनेडी हत्येच्या प्रकरणात ती खोल शिरली होती, त्यामुळे तर्ककुतर्कांना आजवर तोटा नाही, पण तो इथला विषय नव्हे. विषय आहे तो भाग पाहणाऱ्याचा. मूळ प्रेक्षकाला पॅनेलपेक्षा एकच गोष्ट जास्त माहीत असायची, पडद्यावर उमटलेलं उत्तर. आजच्या प्रेक्षकाला दोन माहीत असतात. तिला हसताना तो पाहतो, किती तास उरलेत हे जाणतो, आणि त्याचं बोट तिथवर पोहोचत नाही. सांख्य आणि वेदान्त ज्याला साक्षी म्हणतात तो असा असतो, सगळं पाहणारा आणि काहीच न करणारा. ग्रंथांत ही अवस्था शांत आहे. सोफ्यावर ती तितकीशी शांत वाटत नाही. पुढच्या रविवारी किलगॅलनच्या खुर्चीत किटी कार्लाइल बसली, सहकाऱ्यांनी दोन शब्द बोलून तिला निरोप दिला आणि खेळ झाला.

इंग्लंडमध्ये बीबीसीने 1951 पासून हाच खेळ चालवला. तिथला गिल्बर्ट हार्डिंग हा तिरसट पॅनेलकरी पाहुण्यांवर वैतागण्याबद्दल प्रसिद्ध होता आणि लोक त्याचा वैताग पाहायलाच टीव्ही लावत. 1960 साली 'फेस टू फेस' या मुलाखतीत मृत्यूबद्दल विचारल्यावर त्याचे डोळे भरून आले. आईचं जाणं त्याच्या मनातून गेलं नव्हतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो गेला. इतकी वर्षं दुसऱ्यांना 'तू कोण' विचारणाऱ्याला त्या मुलाखतीआधी कुणी असं उलट विचारलं नव्हतं.

'व्हॉट्स माय लाइन?'ने ते स्वतःच्या शेवटच्या रात्री केलं. 3 सप्टेंबर 1967. पहिल्या भागात आलेली, स्टॉर्क क्लबात गिऱ्हाइकांच्या हॅट सांभाळणारी मुलगी साडेसतरा वर्षांनी पुन्हा आली होती. टेबलाशी अर्लीन फ्रान्सिस, तिचा नवरा मार्टिन गेबल, स्टीव्ह ॲलन आणि बेनेट सर्फ. पट्ट्या बांधून झाल्या आणि पाहुण्याने फळ्यावर सही केली. इतकी वर्षं, एखादा पाहुणा ऐनवेळी आलाच नाही तर म्हणून राखून ठेवलेला आणि कधीच न लागलेला हा हुकमी पत्ता. प्रश्न सुरू झाले. जॉन डेली सूत्रसंचालकाच्या आवाजात खेळ पुढे नेत होता आणि पाहुणा म्हणून उत्तर द्यायची वेळ आली की आवाज बदलून, बारीक करून, स्वतःबद्दलच होय-नाही सांगत होता.